मागे घेतलेला काटा

मी एक जुना काटा आहे. घड्याळातला नव्हे आणि तराजूचाही नव्हे. एका जुन्या मोटारीत, चालकासमोर काचेआड जो काळा फळा असतो, त्याच्या उजव्या कोपऱ्यात माझं घर आहे. माझ्या डावीकडे निळी रेघ, उजवीकडे लाल. इंजिन किती तापलं आहे ते या दोन रेघांच्या मधे उभं राहून सांगायचं, एवढंच माझं काम. उंची म्हणाल तर बोटाच्या एका पेराएवढी. पण मित्रांनो, आकारावर जाऊ नका. माझ्यावर विसंबून एका बाईचा जीव टांगणीला लागला होता, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्याला टोप्या घालून, आजाऱ्याच्या खोलीत वागावं तशी हलक्या पावलांनी काम करायची. आम्ही शेकडो काटे एका तबकात पडलेले, सगळ्यांची टोकं नारिंगी, कुणालाच काम नाही. एका चष्मेवाल्या बाईंनी मला चिमट्याने उचललं आणि फळ्यातून वर आलेल्या सुईएवढ्या दांड्यावर दाबून बसवलं. शेजारी भांड्यात पाणी तापत होतं. त्यात माझी तार सोडलेली आणि एक थर्मामीटर. पाणी जसं तापलं तसा मी उठत गेलो. बाईंनी थर्मामीटर पाहिला, मला पाहिलं, पुन्हा थर्मामीटर पाहिला आणि कागदावर बरोबरची खूण केली. माझ्या आयुष्यातली ती एकच परीक्षा. पास झालो, आणि मला वाटलं, आता जन्मभर कोणी आपल्यावर शंका घेणार नाही. लहानपणी असं सगळ्यांनाच वाटतं.

माझे शेजारी दोन. एक वेगाचा काटा, भारी ऐटबाज. तरुण चालक त्याच्याकडे आरशात बघावं तसं बघतात. दुसरा पेट्रोलचा. त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष, कारण तो सारखा मागत असतो, आणि मागणाऱ्याकडे लक्ष द्यावंच लागतं. मी मागत नाही, नुसतं सांगतो. त्यामुळे माझ्या वाट्याला नजरा थोड्या आल्या. पहिल्या मालकाने बारा वर्षांत माझ्याकडे मोजून चार वेळा पाहिलं असेल, त्यातही दोनदा काच पुसताना.

मग गाडी घड्याळवाल्या काकांकडे आली. काकांचं दुकान एका चढत्या गल्लीत, दोन दुकानांच्या बेचक्यात. आत भिंतभर घड्याळं टांगलेली. काका मागच्या टेबलाशी डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि काकू पुढे गिऱ्हाईक सांभाळायच्या. काकांचा विश्वास डोळ्यांवर, काकूंचा कानांवर. दुकान बंद करताना काकू म्हणायच्या, तिसऱ्या रांगेतलं ते गोल घड्याळ लंगडतंय. काका उघडून बघत, आणि ते खरंच लंगडत असे. यावर काका कधी शाबासकी देत नसत. चाळीस वर्षांच्या संसारात शाबासकी कुठे ठेवली आहे तेच त्यांना सापडत नसावं.

माझं कौतुक मात्र त्यांनी केलं. एकदा मेहुणे गाडीत बसले होते. काका माझ्या काचेवर नख वाजवून म्हणाले, "हा काटा बघा. सहा वर्षं झाली, इंजिन गरम झालं की मध्यावर येऊन उभा राहतो, तो केसभर हलत नाही. अशी चीज आता मिळत नाही." मी फुगलो. खरं तर तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती. न हलण्याबद्दल ज्याचं कौतुक होतं, तो हलला की त्याचं काय करतात?

त्यानंतर काकूंना दम्यासारखं काहीतरी लागलं. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की नुसता दमा नाही, फुप्फुसंच आकसत चालली आहेत. डॉक्टरांनी बजावलं, धूळ नको, धूर नको, उकाडा नको; गाडीने आणाल तर काचा बंद आणि एसी चालू. इस्पितळ डोंगरापलीकडच्या शहरात. दर गुरुवारी जायचं, तासाभराचा रस्ता. काकू मागच्या सीटवर उशी घेऊन बसायच्या आणि काका गाडी अशी चालवायचे, की जणू डिकीत काचेची कपाटं आहेत.

पहिल्यांदा मी हललो तो रेल्वेच्या फाटकाशी. फाटक बंद, मागेपुढे गाड्या, ऊन रणरणतं, एसी चालू. इंजिन तापू लागलं, मी मध्य सोडला. काकांच्या हे लगेच ध्यानात आलं. त्यांनी एसी बंद केला. मी खाली आलो. पण मागे काकूंचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. काकांनी एसी लावला. मी पुन्हा वर. फाटक उघडलं, गाडी पळू लागली, वारा लागला, आणि मी गुमान मध्यावर आलो. मित्रांनो, त्या दहा मिनिटांत काकांनी माझ्याकडे जितक्या वेळा पाहिलं, तितकं आधीच्या सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि ती नजर प्रेमाची नव्हती.

ते गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेले. मिस्त्री चाळिशीचा, बोलायला तुसडा, हाताला हुशार. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, की गाडी उभी असताना तापते की पळताना? काका म्हणाले, उभी असताना. मिस्त्रीने मान डोलावली. इथे तुम्हालाही दोन शब्द सांगायला हवेत. गाडीच्या नाकाशी दोन जाळ्या असतात, एकीमागे एक. पुढची एसीची, मागची इंजिनाच्या पाण्याची, तिला रेडिएटर म्हणतात. एसी लावला की पुढची जाळी आपली उष्णता बाहेर टाकते, आणि ती जाते थेट मागचीच्या अंगावर. गाडी पळत असली तर वारा दोघींना निववतो. उभी राहिली की सगळा भार पंख्यांवर. आमच्या गाडीला पंखे दोन. एसी लावला की दोन्ही फिरले पाहिजेत.

मिस्त्रीने पाणी पाहिलं, झाकण पाहिलं, मग एसी लावून वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं. सकाळची वेळ, हवा गार. दोन्ही पंखे फिरले. मी मध्यावर उभा राहिलो, कारण इंजिन त्या वेळी खरोखरच शांत होतं. दुसरा पंखा आतून झिजला होता, मनात आलं तर फिरायचा, नाही तर नाही. पण मिस्त्रीसमोर तो शहाण्या मुलासारखा वागला.

"काका, तुम्ही गाडी थंड करून आणता," मिस्त्री म्हणाला. "ताप उतरल्यावर पेशंट आणला तर डॉक्टर काय बघणार? पुढच्या वेळी तापलेली तशीच आणा. नाहीतर दोन दिवस सोडून जा, पुढचं सगळं उघडून बघतो. या जाळ्यांच्या मधे काय साठलंय ते वरून दिसत नाही."

काका म्हणाले, परवा गुरुवार आहे. गुरुवार झाला की आणतो. पण गुरुवार झाला की पुढच्या गुरुवारची काळजी सुरू व्हायची. आज गाडी मिस्त्रीकडे सोडली आणि वेळेत मिळाली नाही, तर परवा कसं? काकूंना टॅक्सीच्या वासाने खोकला यायचा. असे तीन आठवडे गेले. आणि काका विचार करू लागले.

घाबरलेला माणूस विचार करायला बसला की तो आपल्याला येतं त्याच वाटेने जातो. पाणी बरोबर आहे, काकांनी मनाशी जुळवलं. झाकण बरोबर. पंखे तर मिस्त्रीने डोळ्यांदेखत फिरवून दाखवले. म्हणजे राहिलं काय? काटा. अठरा वर्षांचा काटा. अठरा वर्षांनी कुठलंही यंत्र पुढे धावायला लागतं, हे त्यांना चाळीस वर्षांच्या धंद्याने शिकवलं होतं. आणि पुढे धावणाऱ्या काट्याचं काय करतात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत?

रविवारी दुपारी त्यांनी फळा सोडवून दुकानातल्या टेबलावर आणला. डोळ्याला भिंग लावलं. मी त्यांचा तो डोळा पाहिला, भिंगामागे बशीएवढा झालेला, पाणावलेला. काकू काउंटरवर बसून किल्ल्यांचे जुडगे लावत होत्या. त्यांनी विचारलं काय चाललंय. काका म्हणाले, काटा पुढे जातोय, मागे घेतो.

"अहो, घड्याळ मागे केलं म्हणून कोणाची गाडी सुटायची राहते का?"

"हे घड्याळ नाही."

"मग तुम्ही का उघडलंत?"

काकांनी चिमट्याने मला दांड्यावरून उपसलं, डावीकडे दोन रेघा सरकवलं, आणि पुन्हा दाबून बसवलं. हात इतका हलका, की मला दुखलंही नाही. मित्रांनो, एवढ्या कुशल हाताने आयुष्यात कोणी मला हात लावला नव्हता. आणि त्याच हाताने मला खोटारडा केला.

आता इंजिन नेहमीसारखं गरम असलं की मी निळ्या रेघेजवळ रेंगाळायचो. तापून धोक्याला भिडलं की मध्यावर यायचो, अगदी सभ्य माणसासारखा. खरा लाल दाखवायचा तर आधी इंजिन वितळायला हवं होतं. पुढच्या गुरुवारी फाटकाशी गाडी उभी राहिली, दुसरा पंखा रुसला, आतलं पाणी खदखदायला लागलं, आणि काकांनी माझ्याकडे पाहून सुटकेचा श्वास टाकला. त्याच्या पुढच्या गुरुवारी ते शीळही घालत होते. मागे वळून म्हणाले, बघ कसा मध्यावर उभा आहे. काकू हसल्या. काकांनी विचारलं, तुझं कसं काय? त्या म्हणाल्या, बरी आहे.

मला ओरडता येत नाही. मला फक्त उभं राहता येतं, आणि जिथे उभं केलंय तिथेच. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते तारेतून मला क्षणाक्षणाला कळत होतं, आणि माझं टोक मात्र सगळं छान आहे म्हणून दाखवत होतं. त्या दोन आठवड्यांत मी जे सोसलं ते कुठल्याही काट्याच्या वाट्याला येऊ नये.

तिसरा गुरुवार. डोंगराचा चढ. रस्त्याची एक बाजू खणलेली, त्यामुळे एकेरी वाहतूक, पुढे ट्रकांची रांग. सकाळचे अकरा वाजले होते आणि डांबर एवढ्यातच मऊ पडलं होतं. गाडी दहा पावलं चालायची, मग थांबायची. पंखा पहिल्याच थांब्याला बंद पडला, तो पडलाच.

आधी एसीची हवा कोमट झाली. काकांनी बटण एक घर पुढे फिरवलं. मग एक वास आला, तापलेल्या पाकासारखा गोडसर. मग इंजिनाच्या आवाजात एक बारीक टकटक मिसळली.

"अहो, हे लंगडतंय," मागून काकू म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मध्यावर होतो. "काटा बरोबर आहे."

"गोड वास येतोय."

"ट्रकचा असेल. काटा बघ ना, मधे आहे."

काकूंना वाक्य पुरं करायला आता दोन श्वास लागत होते. "तो तुम्ही लावलाय मधे."

काकांच्या मानेवरून घामाची एक धार कॉलरमध्ये उतरताना मला दिसली. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मला वाटतं, त्याच वेळी त्यांना मी पहिल्यांदा खरा दिसलो. त्यांनी इंजिन बंद करायला हात नेला, पण तेवढा वेळ उरला नव्हता. बॉनेटच्या फटींतून वाफ उसळली, पुढची काच पांढरी झाली, आणि गाडी एक आचका देऊन थांबली.

एसी गेला. काचा बंद ठेवल्या तर आत भट्टी, उघडल्या तर खणलेल्या रस्त्याची धूळ आणि ट्रकांचा धूर. काकांनी एक काच अर्धी उतरवली, पुन्हा चढवली, पुन्हा उतरवली. काकू पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, हवा ओढत होत्या. ओठांचा रंग बदलू लागला होता.

मागे औषधांची व्हॅन होती. औषधं नासू नयेत म्हणून अशा व्हॅनी आतून गार ठेवतात. तिचा चालक खाली उतरून आला, त्याने एकदा आत पाहिलं, आणि काही न विचारता दार उघडलं. म्हणाला, मावशींना माझ्याकडे बसवा, मी इस्पितळाकडेच निघालोय, पण जागा एकच आहे. दोघांनी काकूंना धरून नेलं. खणणाऱ्या मजुरांनी शिट्ट्या मारून ट्रक कडेला घ्यायला लावले आणि व्हॅन पुढे काढली.

ती वळणाआड गेल्यावर काकांच्या लक्षात आलं, की चालकाचा नंबर घेतला नाही. काकूंचा फोन मागच्या सीटवर उशीखाली राहिला होता. त्यांनी तो हातात घेतला, स्वतःच्या फोनवरून मिस्त्रीला बोलावलं, आणि चालकाच्या सीटवर माझ्यासमोर येऊन बसले. बायको वाटेत आहे की पोचली, श्वास घेते आहे की नाही, हे सांगणारं जगात कोणी नव्हतं. समोर एकटा मी, आणि मला विचारण्यात आता काय अर्थ होता?

पाऊण तासाने मिस्त्री मोटारसायकलवरून आला. त्याने काकांना किल्ली फिरवायला लावून बॉनेट उघडलं. दुसऱ्या पंख्यावर पान्ह्याच्या मुठीने एक टोला दिला, तसा तो गरगर फिरला आणि पुन्हा थांबला. दोन जाळ्यांच्या फटीत त्याने वाकडी तार घातली. बाहेर आला तो धूळ, पिसं आणि कापूस यांचा गोधडीसारखा जाड थर. मग त्याने तापमान मोजायचं यंत्र काढलं. ते इंजिनाकडे धरलं, तर ते नव्वद अंशांच्या वर आकडा दाखवत होतं. मग खिडकीतून आत वाकून माझ्याकडे पाहिलं. मी निळ्या रेघेला टेकलो होतो.

"काट्याला कोणी हात लावलाय का, काका?"

काकांच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक सांगतं, घड्याळ पडलं नाही हो, आपोआप बंद झालं. काका आजवर त्यांना मिशीत हसत आले होते. त्या दिवशी ते म्हणाले, "नाही. आपोआपच तसं झालं असेल."

मिस्त्रीने तार गुंडाळली. पुढे ट्रक हलले, पुन्हा थांबले.

"मी मागे घेतला," काका म्हणाले.

मिस्त्री तुसडा होता, पण त्या वेळी त्याने नुसतं बॉनेट खाली घेतलं. त्याने काकांना मोटारसायकलवर मागे बसवलं आणि इस्पितळात सोडलं.

काकू वाचल्या. नऊ दिवस नळ्या लावून होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, त्या तासाभरात फुप्फुसांचं जे गेलं ते परत येणार नाही. यापुढे गल्लीचा चढ पायी नको. दुकानात बसणं नको. हे मला मागाहून कळलं, दुरुस्त झालेल्या गाडीतून घरी येताना दोघं बोलले त्यावरून. काका स्वतःला बोल लावू लागले, तेव्हा काकू म्हणाल्या, मी तरी कुठे खरं बोलत होते? महिनाभर श्वास पुरत नव्हता, एसी असूनसुद्धा. तुम्ही विचारलंत की म्हणायचे, बरी आहे. "त्या काट्याकडे बघून तुम्ही इतके खुश व्हायचात, म्हटलं, आता माझं कुठे सांगू."

मित्रांनो, हे ऐकल्यावर माझी मान खाली गेली. माझं खोटं एकट्याचं राहिलं नव्हतं. ते साथीसारखं गाडीत पसरलं होतं.

त्या नऊ दिवसांत मिस्त्रीने नवा पंखा बसवला होता, जाळ्या धुतल्या होत्या, इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, आलेला बाक घासून सरळ केला होता. मला जागेवर आणायचं काम काकांनी मागून घेतलं. भांड्यात पाणी तापवलं, तार सोडली, थर्मामीटर धरला. जो हात चाळीस वर्षांत चुकला नव्हता, तो तीन वेळा चुकला. चौथ्या वेळी मी खऱ्या जागी बसलो. मिस्त्री म्हणाला, गाडी चालेल, पण हेड आता पूर्वीचं नाही. अजून एकदा अशी तापली तर मला फोन करू नका, भंगारवाल्याला करा.

आता काकू पुढे बसतात, काकांच्या शेजारी, जिथून त्यांना मी दिसतो. आणि आज गुरुवार नाही. आज मंगळवार आहे. सकाळी म्हणे घरी काकांनी चहाचा कप पुढे करून विचारलं, कशी आहेस? काकूंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आज बरी नाही. गुरुवारपर्यंत थांबायला नको." काकांनी, उगाच घाबरतेस, असं म्हटलं नाही. हवा बदलली म्हणून होत असेल, असंही म्हटलं नाही. दुकानाचं शटर अर्ध्यातून खाली ओढलं आणि गाडीची किल्ली घेतली.

तुमच्या घरातही काटे असतील. एखादी आजी असेल, धाकटी बहीण असेल, एखादं कुरकुरणारं यंत्र असेल, जे तुम्हाला नको ते सांगत असेल. ऐकायला नको वाटलं तरी ऐका. त्याला गोड बोलायला लावू नका, गप्प करायला जाऊ नका. काय तापलंय ते बॉनेट उघडून बघा. आणि कोणी बरी आहे म्हणालं, तर जरा थांबून, चेहऱ्याकडे बघून, पुन्हा एकदा विचारा.

आता चढ लागला आहे. पुढे ट्रक आहेत. एसी चालू आहे, काकूंनी डोळे मिटून घेतले होते ते उघडले आहेत. मी मध्यापासून केसभर वर सरकलो आहे.

"सरकला गं," काका म्हणाले.

"बघितलं मी."

काकांनी वेग उतरवला, पुढच्या ट्रकपासून अंतर सोडलं, वारा लागावा म्हणून. त्यांची एक नजर माझ्यावर आहे, एक काकूंच्या ओठांवर. आज गाडीत कोणीच खोटं बोलत नाही, आणि चढ अजून बराच बाकी आहे.